तोडणीच्या दिवसांतला वर्ग

बाबांना सांभाळणारी सुकरती आली नाही. विनताने चहा करून झाकून ठेवला, दूध तापवलं, बाबांचा टॉवेल गरम पाण्यात पिळला आणि पुन्हा एकदा खिडकीशी जाऊन जबलपूरच्या चेरीताल भागातल्या गल्लीत पाहिलं. जानेवारीचं धुकं समोरच्या घराच्या पायरीपर्यंत आलं होतं. दूधवाल्याची सायकल ऐकू आली, दिसली नाही.

फोन लावला तर मागे बायकांचा गलका.

"दीदी, मटर टूट रही है. बताई तो थी आपको."

सांगितलं होतं खरं. दिवाळीतच सांगितलं होतं, आणि विनताने "हाँ, देखेंगे" म्हणून सोडून दिलं होतं.

"कब आओगी?"

"टूट जाए तब. पंद्रह दिन, बीस दिन. मौसम पे है."

तिचे वडील विष्णुपंत पलंगावर जागेच होते. गणपती उठले त्या आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यांचा उभा जन्म सिविल लाइंसमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला होता. अजूनही सदर बाजारात एखादा पांढऱ्या केसांचा दुकानदार गादीवरून उठून त्यांना "गुड मॉर्निंग सर" म्हणायचा. दोनेक महिन्यांनी थोडे शब्द परत आले, ते सगळे मराठी. पाणी. नको. दुखतं. आई. हिंदी आली नाही. इंग्रजीचा तर एक शब्द नाही. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले.

विनताने डावा हात त्यांच्या मानेखाली घातला, उजवा गुडघ्यांखाली, आणि त्यांना बसतं केलं. तिची कंबर कळवळली. ती छप्पन्नची होती. मेलेला हात ओल्या धोतरासारखा जड, तो आधी बाहीत घालायचा, मग चांगला हात. पायजमा चढवताना ते भिंतीकडे बघत राहिले. रोज तिकडेच बघत.

बापलेकीचं बोलणं तिच्या लहानपणापासून इंग्रजीत चालायचं. त्यांनी खेळ म्हणून लावलेली सवय, ती राहून गेली. जेवताना मीठ मागायचं ते इंग्रजीत, भांडायचं तेही इंग्रजीत. आई, सुहासिनी, पोळी लाटता लाटता म्हणायची, "चाललं या दोघांचं विलायत." आई आणि धाकटा गौरांग मराठीत, ही दोघं इंग्रजीत, असे घराचे दोन भाग होते. आई गेली, गौरांग पुण्याला स्थायिक झाला, विनताचं लग्न राहिलं ते राहिलंच. मग घरात फक्त विलायत उरलं. संध्याकाळी ती वर्गात काय शिकवलं ते सांगायची, ते चूक काढायचे, ती वाद घालायची. आता ती त्यांना मराठीत विचारायची, "पाणी देऊ? पाठ दुखते?" लहान मुलाशी बोलावं तसं. याहून जास्त मराठी तिला त्यांच्याशी सुचतच नव्हती. तेही तिला कधी "नको" म्हणत, कधी तेवढंही नाही.

रजा सगळ्या दवाखान्यात संपल्या होत्या. दहावीची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि शाळेत इंग्रजीला दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या मोहनची ऑटो होती. तिने त्याला खिडकीतून हाक मारली.

"मोहन भैया, बाबांना पण घेऊन चलायचं आहे. शाळेत."

मोहन दोन पिढ्यांचा जबलपूरकर, मराठी घरातलाच. त्याने कानटोपी मागे सारली. "दिवसभर? कसे बसतील ते?"

"इथं तरी कसे बसून राहिले आहेत."

दोघांनी मिळून त्यांना जिन्यावरून उतरवलं. तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदा दिसतच नव्हती, खाली नुसता कापूस पिंजून ठेवल्यासारखं धुकं. पूल ओलांडला की हमरस्ता सोडून आत कुसमटोल्याचा, तिच्या शाळेच्या गावाचा रस्ता. दोन्ही बाजूंना मटारीचं हिरवं रान, त्यात वाकलेल्या पाठी, आणि बांधावर भरलेल्या बोऱ्यांच्या रांगा.

शाळेचे प्राचार्य तिवारी पोर्चमध्ये हात चोळत उभे होते. विष्णुपंतांना उतरवताना पाहून त्यांनी नमस्कार केला, मग विनताला बाजूला घेतलं.

"मैडम, ये विद्यालय है."

"कोने में बैठे रहेंगे, सर. एक-दो दिन की बात है."

दहावीच्या वर्गात सातच मुलं होती. बाकीची तोडणीला. विनताने बाबांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली आणि फळ्याकडे वळली. खडू हातात घेतला की तिच्या कंबरेचं दुखणं कमी व्हायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कर्मणी प्रयोग शिकवायचा होता. पुस्तकातली पत्रं लिहिणारी आणि पतंग उडवणारी वाक्यं तिने सोडून दिली.

"मदर पिक्स पीज," तिने लिहिलं. खाली लिहिलं, "पीज आर पिक्ड बाय मदर."

पुढच्या बाकावरच्या रमकलीने हात वर केला. मोठी, हाडापेराने रुंद मुलगी. बोटांच्या पेरांवर हिरवे डाग. सकाळी दोन तास तोडणी करून ती शाळेत यायची. "मैडम, पता न हो किसने तोड़ी, तब?"

"तब नाम छोड़ देते हैं. पीज आर पिक्ड. बस."

रमकलीने फळ्याकडे बघून विचार केला. "मतलब तोड़ने वाला गायब. मटर रह गई."

तीस वर्षं विनता हा प्रयोग शिकवत आली होती, पण तो असा तिला कुणी सांगितला नव्हता. तिला वाटलं, आज संध्याकाळी बाबांना हे सांगायचं. मग आठवलं की बाबा तर तिथंच बसले आहेत. ती वळली. ते खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर लिहीत असताना मुलं एकदम उभी राहिली. तिने मागे पाहिलं. विष्णुपंत खिडकीचा गज धरून उठले होते. मुलांना वाटलं, मोठे गुरुजी उठले, तर उभं राहिलं पाहिजे. ते पाय ओढत, भिंतीचा आधार घेत फळ्यापर्यंत आले आणि त्यांनी डाव्या हाताने खडू उचलला. वर्गात कुणी हललं नाही. विनताही नाही.

खडू फळ्यावर टेकला. एक तिरकी रेघ खाली आली, थांबली. त्यांनी जोर दिला तसा खडू मोडला. ते वर्गाकडे वळले. खांदे सरळ केले, जसे ते पूर्वी करत. तोंड उघडलं, जबडा हलला, मान हलली, आणि आवाज आला तो एवढाच, "नको."

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. मग आणखी एक. विष्णुपंतांच्या पायजम्यावर ओल उतरत गेली आणि चपलेपर्यंत आली.

"क्लास, बाहर," विनता म्हणाली.

शाळेच्या संडासात पाणी नव्हतं. रमकली न सांगता हातपंपावरून बादली घेऊन आली आणि दाराबाहेर ठेवून निघून गेली. थंड पाणी अंगावर पडताच विष्णुपंत शहारले. विनता खाली बसून त्यांचे पाय धूत होती. वर तिच्या डोक्यावर त्यांचा डावा हात आला, तोल सावरायला.

तिवारी सर सुट्टीनंतर म्हणाले, "मैडम, कल से बाबूजी को मत लाइए. कहते हुए हमको भी बुरा लग रहा है."

"जी सर."

रविवारी गौरांगचा फोन आला. विनताने त्याला सगळं सांगितलं.

"ताई, रागावू नकोस. मी इथं एक केंद्र बघून आलोय. चांगलं आहे. नर्सेस, आया, सगळ्या मराठी बोलतात. बाबांकडे आता मराठीच उरलीय ना? जबलपूरला त्यांच्याशी बोलायला कोण आहे?"

"मी आहे ना."

"तू दिवसभर शाळेत. नाही तर मग नोकरी सोड, ताई. दोन्ही कसं जमणार तुला?"

तो खरं बोलत होता. तिने फोन बाबांच्या कानाशी धरला. "बाबा, गौरांग आहे. पुण्याला येता का विचारतो."

"नको," ते म्हणाले. पण ते जेवणालाही नको म्हणत, औषधालाही, आणि मग दोन्ही घेत.

"मला फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत सांग. जागा धरून ठेवायला सांगितलीय," गौरांग म्हणाला.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसासाठी मोहनच्या आईला बाबांजवळ बसवलं आणि शाळा आटोपून रमकलीला म्हणाली, "तेरी मौसी कहाँ मिलेगी?" सुकरती रमकलीची मावशी. भाचीच्याच ओळखीने ती चेरीतालला कामाला लागली होती.

रमकली पुढे, विनता मागे. बांध अरुंद, पाटाच्या पाण्याने निसरडा. साडीचा काठ चिखलाने भरला. रानात शिरताच वाकलेल्या ओळीतून एकेक डोकं वर आलं. तिचा उरलेला सगळा दहावीचा वर्ग तिथं होता. कमरेला ओटीसारख्या पिशव्या बांधलेल्या, हात हिरवे, ओठ थंडीने फुटलेले. दुपार टळून गेली होती तरी सगळे सुरात म्हणाले, "गुड मॉर्निंग, मैडम."

सुकरती काम न थांबवता बोलली. एका हाताने वेल उचलायचा, दुसऱ्याने शेंग खुडायची, वेल मोडता कामा नये.

"नहीं आ पाऊँगी, दीदी."

"मेरी मजबूरी समझो, सुकरती. बाबा अकेले हैं."

सुकरतीने पाठ सरळ केली. बांधाकडे बोट दाखवलं. तिथं मोहाच्या झाडाखाली एका खाटेवर गोधडीत गुंडाळलेली म्हातारी बसली होती. "वो मेरी बऊ है. भैया के पास मंडला तरफ रहती है. साल में एक बार आती है, तोड़ाई में, सबके साथ. चार महीने से आपके बाबूजी को उठा-बिठा रही हूँ, दीदी. पंद्रह दिन इसको उठाती हूँ."

सुकरतीला आई आहे का, हे विनताने कधी विचारलं नव्हतं. वर्गातली मुलं ऐकत होती, खुडत होती.

"यहीं ले आओ ना बाबूजी को," सुकरती म्हणाली. "खाट बड़ी है. हम सब यहीं तो हैं."

असं विष्णुपंतांचं रानात जाणं सुरू झालं. मोहन त्यांना बांधापर्यंत आणून सोडायचा, सुकरती आणि तिचा दीर त्यांना उचलून खाटेवर बसवायचे, आणि विनता शेत ओलांडून शाळेत जायची. मधल्या सुट्टीत ती धावत येऊन त्यांना वरणभात भरवायची. त्याच वेळी तोडणारी पोरं भाकर घेऊन बसत. ती भरवता भरवता पोरांना इंग्रजीची वाक्यं विचारायची, ती तोंडात घास घेऊन उत्तरं देत. चुकलं की रमकली हसायची आणि दुरुस्त करायची. कुणाच्याही समोर पुस्तक नव्हतं. घास हातात धरून विनता वाक्य पुरं होण्याची वाट बघत थांबायची, आणि विष्णुपंत तोंड उघडं ठेवून घासाची.

एकदा तिवारी सरांनी शाळेच्या गच्चीवरून हे पाहिलं. नंतर ते एवढंच म्हणाले, "मैडम, जूते में जाइए. साँप निकलते हैं."

एका दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर आली. मोहाच्या बुंध्यामागे पोचली आणि तिला आवाज ऐकू आला. आधी तिला वाटलं, मोहन कुणाशी बोलतो आहे.

"काळी म्हैस," विष्णुपंत म्हणत होते. "काळी. पाणी… पाण्यात. येत नाही. आई हाक मारते. येतच नाही."

"हओ, हओ," बऊ म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं. मग तिने तिच्या भाषेत काही तरी लांबलचक सांगितलं, हातांनी काही तरी उंच दाखवलं, आणि दोघंही हसली. विष्णुपंतांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे हसणं वाकडं होतं, पण ते हसत होते. त्यांच्या मांडीवर शेंगांचा ढीग होता. डाव्या हाताने एक शेंग फोडून त्यांनी दाणे बऊच्या तळव्यावर ओतले.

विनता झाडाच्या सालीला हात लावून उभी राहिली. म्हशीची गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. बाबांना लहानपणी म्हैस होती हेही तिला माहीत नव्हतं. इंग्रजीत त्यांनी तिला खूप सांगितलं होतं, समुद्र, जहाजं, राजेराण्या, पण म्हैस त्यात कधी आली नव्हती.

ती पुढे झाली. त्यांनी तिला पाहिलं, आणि त्यांचं तोंड मिटलं. त्यांनी शालीच्या टोकाने ओठ पुसले, खांदे सरळ केले आणि समोर बघायला लागले. वर्गात कुणी अधिकारी आला की ते असेच बसत असतील.

"बाबा, जेवता?"

"नको."

तिने भात कालवला. घास लहान केला.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "म्हैस कोणाची होती, बाबा? गावची?" तिची मराठी तिलाच परकी वाटली, पुस्तकातली. ते पुलावरून खाली बघत राहिले. धुकं नव्हतं, नर्मदा संथ होती. पुढून मोहन म्हणाला, "दमले असतील, दीदी."

तिने मान हलवली. लाज वाटते त्यांना माझ्यापुढे, हे तिला कळून चुकलं होतं. साऱ्या जगात एकटी तीच होती, जिला ठाऊक होतं की त्यांच्यातून नेमकं काय गेलं आहे. बऊला ते कधीपासूनच काळी म्हैस सांगणारे म्हातारे होते.

महिन्याच्या शेवटी आभाळ भरून आलं. पाऊस पडला तर शेंग काळी पडेल म्हणून सगळं रान दोन दिवसांत खुडून काढलं. ट्रॅक्टर भरभरून गेले. शेवटच्या दिवशी सुकरतीचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. त्यांनी बऊला भावाबहिणीच्या मधे बसवलं, पदराने भावाच्या कमरेला बांधलं. ती विष्णुपंतांकडे बघून काही तरी म्हणाली. त्यांनी डावा हात वर केला. मोटरसायकल वळणाआड गेली तरी हात वरच होता, शेवटी विनताने तो खाली घेतला.

सुकरती चेरीतालला परत आली. मुलं वर्गात परत आली, बाक भरले, आणि वर्गाला आठवडाभर कोवळ्या शेंगांचा वास येत राहिला. सराव परीक्षा लागल्या. विनता संध्याकाळी पेपर तपासत बाबांच्या खोलीत बसायची. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. "नको" सुद्धा कमी झालं होतं. सुकरती म्हणायची, "बाबूजी आजकल खाते नहीं ठीक से." गौरांगचा निरोप आला होता, रविवारपर्यंत कळव. विनताने विचार केला होता. तिथल्या आया मराठी बोलतील. कुणी तरी त्यांची म्हैस ऐकेल. तिने कपाटाच्या वरून त्यांची बॅग काढून पुसून ठेवली.

शुक्रवारी सकाळी ती डबा भरत होती. दहावीचा इंग्रजीचा सराव पेपर त्याच दिवशी होता. आतून आवाज आला.

"म्हातारी कुठं गेली?"

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. लकव्यानंतर घरात त्यांचं पहिलं पुरं वाक्य. ती आत गेली. विष्णुपंत तिच्याकडे बघत होते, भिंतीकडे नाही.

"ती गेली बाबा आपल्या गावाला. तोडणी झाली ना."

"येईल?"

"पुढच्या वर्षी येईल."

त्यांनी डोळे मिटले. विनता पलंगाच्या कडेवर बसली. खाली मोहनने हॉर्न वाजवला. ती उठली नाही. काही तरी बोलावं असं तिला वाटलं, आणि जे आलं ते ती बोलत गेली, अडखळत, शब्द शोधत. "बाबा, आमच्या वर्गात एक पोरगी आहे, रमकली. पाणी आणलं होतं ना तिने, ती. ती काय म्हणाली ठाऊक आहे? ती म्हणाली, मटर राहते आणि तोडणारी माणसं गायब होऊन जातात. वाक्यातून. मी ते फळ्यावर लिहिलं होतं…" ते मराठीत नीट सांगताच येत नव्हतं. ती थांबली. "मला नाही जमून राहिलं सांगायला."

मोहनने पुन्हा हॉर्न वाजवला.

विष्णुपंतांनी डोळे उघडले. दरवाज्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं. जबडा हलला, गळ्याची शीर ताणली.

"जा," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पोरं… येऊन बसली असतील."

ती उठली. त्यांची शाल सारखी केली. दारात सुकरती गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिला मराठी कळायची नाही.

"क्या बोले बाबूजी?"

"कुछ नहीं. जाने को बोले."

ऑटो तिलवाऱ्याच्या पुलावर आली तेव्हा तिने गौरांगला फोन लावला.

"बाबा येणार नाहीत," ती म्हणाली. "आणि मी पण नोकरी सोडत नाही."

"मग कसं करणार आहेस, ताई? मी काही तरी विचार करून…"

"माहीत नाही कसं. सुट्टीत तू ये. चार-आठ दिवस राहा, त्यांच्याशी मराठीत बोल. तुझी चांगली आहे." ऑटो पुलावरून उतरली. "पेपर आहे माझा. ठेवते."

कुसमटोल्याच्या फाट्यावर मोहनने तिला उतरवलं. रान रिकामं झालं होतं. वेल उपटून ढीग घातले होते आणि त्यांत कुणाच्या तरी गायी तोंड घालून उभ्या होत्या. बांधावरून चालताना तिने साडी वर धरली. पुढे-मागे कुणी नव्हतं. शाळेची घंटा झाली तशी ती भराभर चालू लागली.